खानापूरकडच्या काढ्यात हिवतापाचं औषध आहे का, हे शोधायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात एक वैदू काका पिढीजात हिवतापावर काढा देतात. त्यात सातवीणीची साल, काडेचिराईत, गुळवेल आणि आणखी एक वेल असते, जिचं नाव काका सांगत नाहीत. लोकांना गुण येतो. विचारणाऱ्याने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. या वनस्पतींचे मिथेनॉलमध्ये अर्क काढून ते तपासणीला पाठवायचे, हिवतापाच्या परजीवीला मारणारं द्रव्य वेगळं करायचं, असा बेत आहे. सुरुवात बरोबर आहे का?

अर्क इतक्यात काढू नका. काकांच्या काढ्याने बरी झालेली माणसं नेमकी कशातून बरी झाली, ते आधी पाहा. बेळगावात राहून मी वनौषधींचं हे काम बरीच वर्षं करतो आहे. या क्षेत्रात पैसा, उमेदीची वर्षं आणि प्रयोगातले प्राणी सगळ्यात जास्त वाया जातात ते या एका प्रश्नाला वळसा घातल्यामुळे.

आपल्याकडे रूढ झालेली वाट अशी: पुस्तकातून ‘ज्वरघ्न’ वनस्पतींची यादी काढायची, झाडं गोळा करायची, सावलीत वाळवायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, अर्क परजीवीवर टाकायचा आणि आकडा आला की शोधनिबंध लिहायचा. असे निबंध ढिगाने आहेत. पण झाडातून निघून जगभरच्या रोग्यांपर्यंत पोचलेली हिवतापाची मोठी औषधं दोनच. सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन आणि आर्टिमिसिया अनुआ या चिनी वनस्पतीतलं आर्टिमिसिनिन. दोन्हींच्या बाबतीत माणूस बरा होतो ही गोष्ट आधी माहीत होती, रेणू मागून सापडला. सिंकोनाची साल युरोपात सतराव्या शतकापासून तापावर दिली जात होती. पेल्तिए आणि काव्हाँतू या दोघा फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी क्विनीन वेगळं केलं ते १८२० मध्ये.

आता आपल्या भागाकडे येऊ. कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा, लोंढा आणि पलीकडे जोयडा, हल्याळ हा सगळा घाटमाथ्याचा पट्टा एके काळी हिवतापाने पोखरला होता. स्वच्छ, संथ वाहणाऱ्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांच्या कडेला वाढणारा अॅनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा डास इथला मुख्य वाहक. स्वातंत्र्याच्या तोंडावर, मुंबई इलाख्यात असताना, कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचं काम झालं. देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी ते एक. त्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे डीडीटीच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या इथली कुणबी, धनगर-गवळी, मराठा कुटुंबं या रोगासोबतच जगली आणि जवळच्या रानात त्यावर उपाय शोधत राहिली. म्हणून काकांच्या काढ्याला मी हलक्यात घेत नाही. इतक्या दीर्घ गरजेतून आलेल्या ज्ञानात काहीतरी असण्याची शक्यता खरी आहे.

पण ते ज्ञान तापाचं आहे. हिवतापाचं निदान रक्तात होतं, आणि काकांच्या आजोबांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. पावसाळ्यात आणि त्यानंतर घाटात येणारा ताप हिवतापाचा असेल, डेंगीचा असेल, चिकनगुनियाचा असेल, लेप्टोचा असेल, स्क्रब टायफसचा असेल, आणि रानात वावरणाऱ्या माणसाला पावसाळा सरल्यावर माकडतापही गाठू शकतो. यांतले विषाणूंचे ताप बहुतेकांचे आठवडाभरात आपोआप उतरतात. पाचव्या दिवशी काढा दिला आणि सातव्या दिवशी ताप गेला, तर श्रेय काढ्याला मिळतं.

जुन्या वैद्यांची एक खूण मात्र खरीच मोलाची आहे. ताप एकाआड एक दिवस येतो की दोन दिवसांच्या अंतराने, हे ते विचारतात. आयुर्वेदात विषमज्वराचे तृतीयक आणि चतुर्थक असे भेद आहेत ते याच निरीक्षणावर. व्हायव्हॅक्स परजीवीची रक्तातली फेरी ४८ तासांची, मलेरी या जातीची ७२ तासांची. तांबड्या पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते. तेव्हा काका जर ‘पाळीचा ताप’ वेगळा ओळखून वेगळा काढा देत असतील, तर तुमच्या हातात फार चांगला धागा आहे. सगळ्याच तापांवर एकच काढा असेल तर तो धागा बराच विरळ. हे त्यांना पहिल्या भेटीतच विचारा. फाल्सिपारम हा तिसरा परजीवी मात्र सुरुवातीला अशी पाळी पाळत नाही, आणि जीव घेणारा बहुतेकदा तोच असतो.

आणखी एक गुंता आहे. व्हायव्हॅक्सचा ताप उपचाराविनाही काही दिवसांनी ओसरू शकतो आणि परजीवी यकृतात दडून राहतो. महिन्यांनी पुन्हा उठतो. रोगी म्हणतो, ‘तेव्हा बरा झालो होतो, आता नव्याने झालाय.’ म्हणून हिवतापाच्या औषधाचा निकाल ताप उतरण्यावर लावत नाहीत. आधी रक्ताची स्लाइड, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि किमान अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा स्लाइड.

हे किती महत्त्वाचं आहे ते आयुष-६४ वरून कळतं. सातवीण म्हणजे सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा या चार वनस्पतींपासून केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने हे औषध हिवतापासाठी तयार केलं. पुढे व्हायव्हॅक्सच्या रोग्यांवर त्याची क्लोरोक्विनशी तुलना झाली, आणि तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्विन घेतलेले सगळे रोगी परजीवीमुक्त होते, आयुष-६४ घेतलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास. हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. क्लोरोक्विनच्या जागी हे औषध देता येणार नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं. त्याच वेळी ज्यांचं रक्त साफ झालं त्यांच्यात औषधाने काय केलं आणि शरीराने स्वतः काय केलं, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. तुमच्या काकांच्या काढ्यातही हीच सातवीण आहे, म्हणून हा निकाल तुम्हाला माहीत असलाच पाहिजे.

सातवीणीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती आपल्या प्रत्येक जुन्या गावाच्या वेशीवर भेटते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज डॉक्टरांनीही तिच्या सालीकडे क्विनीनचा स्वस्त पर्याय म्हणून मोठ्या आशेने पाहिलं. पुढे तिच्यातलं मुख्य अल्कलॉइड, एकिटामाइन, परजीवीवर तपासलं तेव्हा फारसं काही हाती लागलं नाही. उंदरांवरच्या एका जुन्या कामात मात्र सालीच्या मिथेनॉल अर्काने संसर्ग झालेल्या उंदरांची अवस्था सुधारली आणि मृत्यू लांबला. परजीवीवर थेट घाव न घालता रोग्याला तगवणारं काही द्रव्य त्यात असू शकतं. ताप उतरवणारं, सूज कमी करणारं, प्रतिकारशक्तीला हात देणारं. तसं असेल तर फक्त परजीवी मारण्याची चाचणी लावून तुम्ही ते कधीच पकडू शकणार नाही. म्हणूनही रोगी आधी.

मग प्रत्यक्षात करायचं काय? एक गोष्ट पक्की धरा: रक्तात हिवताप सापडलेल्या एकाही माणसाला मान्य उपचारापासून तुमच्या संशोधनासाठी एक दिवसही लांब ठेवायचं नाही. व्हायव्हॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपारमला आर्टिसुनेटची, म्हणजे आर्टिमिसिनिनपासून केलेल्या औषधाची, जोडगोळी आणि प्रायमाक्विनचा एकच डोस. गरोदर बाया, तान्ही मुलं आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेली माणसं यांना प्रायमाक्विन देत नाहीत. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. फाल्सिपारम मेंदूत गेला तर एका-दोन दिवसांत माणूस हातचा जातो. काकांना हे पटवून द्या. बहुतेक वैदू समजूतदार असतात, त्यांना रोग्याचं भलंच हवं असतं. आशाताईंकडे रॅपिड किट असतं. काढा द्यायच्या आधी एक थेंब रक्त तपासायचं, एवढी रीत जरी काकांच्या अंगणात रुजली, तरी तुमच्या कामाने गावाचं भलं केलं असं मी म्हणेन.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला गोळ्या दिल्या तर काढ्याचा गुण कळणार कसा? दोन वाटा आहेत. पहिली घरोघरची. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांच्या रक्तात हिवताप निघाला अशा घरांत जाऊन विचारायचं: आधी काय घेतलं, किती दिवस, ताप कधी गेला, गोळ्या पूर्ण घेतल्या का, पुन्हा उठला का. गोव्यात बांधकामावर जाऊन परतलेल्या पोरांच्या घरी ही माहिती जास्त मिळेल, कारण खानापूरकडे आज आढळणारा हिवताप पुष्कळदा बाहेरून आलेला असतो. दुसरी वाट दवाखान्यातली. पाच-सहा दिवस काढा घेऊन, गुण न आल्याने आलेला माणूस जेव्हा स्लाइड देतो, तेव्हा त्याच्या रक्तातल्या परजीवींची संख्या लॅब टेक्निशियनकडून मोजून घ्यायची. काढ्याने परजीवी हटत नसेल तर ते इथे लगेच दिसतं. अर्थात ज्यांना गुण आला ते दवाखान्यात येतच नाहीत, त्यामुळे ही नोंद एकांगी राहते. म्हणून दोन्ही वाटा एकदमच चालाव्या लागतात. या सगळ्याला मानवी अभ्यासाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. एखाद्या महाविद्यालयाशी किंवा संस्थेशी जोडून घेतल्याशिवाय ती मिळणार नाही.

असं काम करून कुठे काही साधलंय का? साधलंय, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात. तिथल्या संशोधकांनी आधी खेड्यांतल्या कुटुंबांना विचारलं, कुठल्या झाडपाल्यावर कोण बरं झालं ते मोजलं, आणि त्यातून सगळ्यात उजवी ठरलेली वनस्पती निवडली. ती होती आर्जेमोन मेक्सिकाना. आपला पिवळा धोत्रा! निपाणीपासून सौंदत्तीपर्यंत पडीक शिवारात, रस्त्याच्या कडेला उगवणारं काटेरी, पिवळ्या फुलांचं तण. त्याच्या पाल्याच्या काढ्याची त्यांनी आर्टिमिसिनिनच्या जोड-औषधाशी सरळ तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३०१ रोगी होते. अठ्ठावीस दिवसांत दुसरं औषध द्यावं लागलं नाही असे काढ्याच्या गटात ८९ टक्के, तर आधुनिक औषधाच्या गटात ९५ टक्के. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत रोग गंभीर होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, १.९ टक्के. मात्र हा निकाल जिथे हिवताप सतत असतो आणि मोठ्यांच्या अंगी थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते अशा प्रदेशातला आहे. बेळगावातल्या माणसाच्या अंगात ती नसते, म्हणून तो इथे जसाच्या तसा लागू करायचा नाही. आणि पिवळ्या धोत्र्याच्या बिया तर विषारीच. त्यांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन माणसं दगावली होती. हे वाचून कुणी शिवारातून धोत्रा उपटून काढा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मालीच्या कामातून घेण्यासारखं आहे ते कामाचा क्रम. रोगी, मग काढा, मग मात्रा, मग सुरक्षितता, आणि रेणू सगळ्यात शेवटी.

काकांकडून दुसरी गोष्ट शिकायची ती काढ्याची कृती. इथे आर्टिमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांचं काम आठवल्याशिवाय राहत नाही. चीनमध्ये १९६७ च्या मे महिन्यात हिवतापावरच्या औषधाचा गुप्त प्रकल्प सुरू झाला. थू यूयूंच्या चमूने जुन्या पोथ्या आणि वैद्यांकडून औषधांचे दोन हजारांवर पाठ गोळा केले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. आर्टिमिसियाच्या अर्काने एकदा चांगला गुण दाखवला, मग तो गुण दिसेनासा झाला. तेव्हा थू यूयू चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या ग्रंथाकडे परतल्या. त्यात लिहिलं होतं: मूठभर वनस्पती पाण्यात भिजव, पिळून रस काढ आणि तो सगळा पी. उकळायचा उल्लेखच नाही. उष्णतेने द्रव्य नासत असावं हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पस्तीस अंशांच्या आसपास उकळणाऱ्या इथरमध्ये पानांचा अर्क काढला, त्यातला आम्लधर्मी भाग वेगळा टाकला, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने संसर्गित उंदरांमधले सगळे परजीवी नाहीसे केले. माणसांना द्यायच्या आधी थू यूयू आणि सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. १९७२ मध्ये स्फटिक हाती आले, २०१५ मध्ये नोबेल.

म्हणून काकांसमोर बसा आणि बारीकसारीक सगळं लिहून घ्या. साल कोवळ्या फांदीची की जुन्या खोडाची, पावसाआधी काढतात की नंतर. ओली की वाळवून. पाट्यावर ठेचून की अखंड. किती पाण्याचं किती उरेपर्यंत आटवतात, मातीच्या भांड्यात की तांब्याच्या. काढा त्याच दिवशी संपवायचा की दुसऱ्या दिवशी चालतो. मिरं, सुंठ, गूळ काही घालतात का, पथ्य काय सांगतात. मी ज्या ज्या जाणत्या बायाबापड्यांकडे बसलो, त्यांनी यातलं काहीच उगाच सांगितलं नव्हतं. ‘साल पहाटे काढायची’ यामागेही कधी कधी कारण निघतं, कारण कित्येक वनस्पतींतलं द्रव्यांचं प्रमाण दिवसाच्या वेळेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतं. तुम्ही मिथेनॉल वापरलंत की पाण्यात न उतरणारं बरंच काही अर्कात येतं आणि काकांच्या काढ्यात असलेलं काही मागे राहतं. मग तुम्ही तपासता ते काकांचं औषधच नसतं.

म्हणून पहिला नमुना काकांच्या हातचा काढाच असावा. तो गार करून, गाळून, शीतशुष्क करून, म्हणजे गोठवून त्यातलं पाणी निर्वातात उडवून, भुकटी करायची. नंतर त्याच वनस्पतींचे वेगवेगळ्या द्रावकांतले अर्क. प्रत्येक वनस्पतीचा फुला-फळांसह नमुना दाबून, जागा, तारीख, उंची लिहून वनस्पतिसंग्रहात जमा करायचा; पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रातून ओळख पक्की करून घेता येते. आपल्या सीमाभागात याची गरज दुप्पट. एकाच बाजारात किराईत म्हणून हिमालयातली सुकी काडीही मिळते आणि आपल्या शेतातलं ओलं किराईतही, ज्याला शेजारचा कन्नड भाषक नेलबेवु म्हणतो. दोन्ही कडूजहर, पण कूळ वेगळं, द्रव्यं वेगळी. काकांची ती नाव न सांगितलेली वेलही अशीच ओळखून घ्यावी लागेल. ते सांगेपर्यंत थांबा. मागून जाऊन झाड शोधू नका.

आता प्रयोगशाळा. ट्रेगर आणि जेन्सन यांनी १९७६ मध्ये फाल्सिपारम माणसाच्या तांबड्या पेशींत सतत वाढवण्याची रीत दाखवली आणि हे शास्त्र साध्या प्रयोगशाळेच्याही आवाक्यात आलं. बंद बरणीत मेणबत्ती पेटवून ती विझू द्यायची, ऑक्सिजन पुरेसा कमी होतो आणि परजीवी वाढतो. आजही अनेक ठिकाणी असंच करतात. क्लोरोक्विनला दाद देणारा ३डी७ सारखा एक वाण आणि दाद न देणारा डीडी२ किंवा के१ सारखा दुसरा, असे दोन्ही ठेवा. व्हायव्हॅक्स मात्र असा सतत वाढवता येत नाही, आणि आपल्या देशात तो खूप आहे, ही मोठी अडचण तशीच उभी आहे. परजीवीची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा मोजतात. कच्च्या अर्कासाठी ती दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत आली तर उत्तम, १५ पर्यंत आशादायक, ५० च्या वर गेली तर त्या अर्काचा नाद सोडावा. शुद्ध द्रव्यासाठी कसोटी पुष्कळ कडक.

आकडा चांगला आला की लगेच हुरळून जायचं नाही, कारण इथे फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. सालीत टॅनिन भरपूर असतात आणि ती दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. सॅपोनिन असतील तर ती तांबडी पेशीच फोडतात. घरच पडलं तर परजीवी मरणारच, पण ते औषध नव्हे. म्हणून बिनसंसर्गाच्या पेशी घेऊन आधी तपासायचं. मग माणसाच्या किंवा इतर सस्तन प्राण्यांच्या पेशींवर तोच अर्क किती घातक आहे ते बघायचं. परजीवीला मारणाऱ्या मात्रेपेक्षा पेशींना मारणारी मात्रा किमान दहापट असावी.

चित्रकाचं उदाहरण मनात ठेवा. चित्रकमुळातलं प्लंबॅजिन काचेच्या ताटलीत परजीवीला झपाट्याने मारतं. उंदराला दिलं की तो जोर टिकत नाही, आणि त्याची विषारी बाजू पुढे येते. चित्रकमूळ गर्भपातासाठी वापरलं जायचं, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांना ठाऊक आहे. दारुहळदीतलं बर्बेरिनही तसंच. ताटलीत छान, पण तोंडावाटे घेतलं तर आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं. उलट प्रायमाक्विनसारखं औषध शरीरात गेल्यावर बदलून मगच कामाला लागतं, ताटलीत ते फिकं दिसेल. त्यामुळे ताटलीतला होकार किंवा नकार, दोन्ही अंतिम नाहीत. पुढची पायरी म्हणजे संसर्गित उंदरांना चार दिवस औषध देऊन पाचव्या दिवशी स्लाइड पाहण्याची पीटर्सची चाचणी. तिला प्राणी प्रयोगांच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी.

उंदरांत गुण दिसला तरच द्रव्य वेगळं करायला घ्या. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग परजीवीवर तपासायचा, ज्यात गुण आहे तो पुन्हा फोडायचा. आणि दर टप्प्यावर मास स्पेक्ट्रोमीटरने पाहायचं की हे आधीच माहीत असलेलं द्रव्य तर नाही ना. तुमचं रसायनशास्त्राचं शिक्षण इथे खरं कामी येईल. भाग पाडत गेल्यावर गुण नाहीसाच झाला तर निराश होऊ नका. कदाचित दोन द्रव्यं मिळून काम करत असतील. अशा वेळी प्रमाणित काढा हेच औषध मानून पुढे जाता येतं.

आपल्या भागातल्या कुठल्या वनस्पतींवर मी स्वतः वेळ खर्च करीन, असं कुणी विचारलं तर सागरगोटा माझ्या मनात पहिला येतो. मुली ज्या सागरगोट्यांनी खेळतात, त्याच बीचा गर मिऱ्याच्या पुडीबरोबर पाळीच्या तापावर देण्याची परंपरा फार जुनी आहे, आणि त्यातल्या कॅसेन जातीच्या डायटर्पिन द्रव्यांनी फाल्सिपारमवर परिणाम दाखवला आहे. परंपरा नेमकी पाळीच्या तापाची आणि ताटलीतही जोर, असा मेळ क्वचित बसतो. पारिजातकाची पानं दुसरी. मुंबईत हिवतापाच्या रोग्यांवर त्यांचा अभ्यास झालेला आहे. कडुनिंबाबद्दल माझी आशा वेगळ्या जागी आहे. रक्तातल्या परजीवीपेक्षा डासाच्या पोटात होणारी त्याची पुढची वाढ रोखण्यात निंबोळीतली द्रव्यं उपयोगी दिसली आहेत. पण निंबोळीचं तेल तान्ह्या मुलाला कधीही पाजू नये. त्याने मेंदू आणि यकृतावर परिणाम होऊन मुलं गंभीर झाल्याच्या नोंदी आहेत.

जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टिमिसियाच, मग त्यात आर्टिमिसिनिन असेल ना, असं मला पुष्कळ जण विचारतात. नाव एका कुळाचं असलं तरी दवण्याचं वैभव त्याच्या सुगंधी तेलात आहे. औषधापुरतं आर्टिमिसिनिन साठतं ते अनुआ जातीत. आणि अनुआचासुद्धा घरगुती चहा करून पिऊ नये. अपुऱ्या मात्रेने परजीवी मरत नाही, तगायला शिकतो. कंबोडियात आर्टिमिसिनिनला दाद न देणारे परजीवी दिसून आले आहेत, आणि भारताने तोंडी घ्यायच्या एकट्या आर्टिमिसिनिनच्या गोळ्यांवर २००९ मध्ये बंदी घातली ती त्याच भीतीने.

आता रानाचा आणि हक्कांचा भाग. भीमगड अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय एक फांदीही आणायची नाही. बाहेरच्या रानातूनही साल काढताना झाडाभोवती गोल कातडं सोलू नका, झाड उभं वाळतं. नरक्याचं काय झालं ते चंदगड-खानापूरकडच्या माणसाला सांगायला नको. कर्करोगाच्या औषधासाठी त्यातलं कॅम्पटोथेसिन हवं म्हणून सह्याद्रीतली झाडं बेसुमार तुटली. गुणी झाड सापडल्याची बातमी झाडाच्याच मुळावर येऊ शकते. म्हणून आशादायक काही दिसलं की प्रसिद्धीच्या आधी रोपवाटिकेचा विचार करा.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे, २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. व्यापारी उपयोग, पेटंट किंवा परदेशी भागीदार यांतलं काहीही पुढे येण्याची शक्यता असेल तर राज्य जैवविविधता मंडळ आणि राष्ट्रीय प्राधिकरण यांच्याकडच्या वाटा आधीच समजून घ्या. पारंपरिक ज्ञान जसंच्या तसं पेटंट करता येत नाही. केरळमधल्या काणी समाजाने दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून औषध तयार झालं, तेव्हा परवाना शुल्कातला आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा त्या समाजाच्या न्यासाकडे गेला. त्या व्यवस्थेतही त्रुटी होत्या, पण वाटा आधी ठरवून घ्यायचा ही रीत तिथून घेण्यासारखी आहे. काकांचा होकार लेखी घ्या, मराठीत, त्यांच्या घरच्यांसमोर वाचून दाखवून. त्यांचं नाव प्रसिद्ध करायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. ते नको म्हणाले तर काम तिथेच थांबतं.

मदतीसाठी लांब जायची गरज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था बेळगावातच नेहरूनगरला आहे आणि पश्चिम घाटातल्या वनौषधींवर काम करते. शहापुरात आयुर्वेद महाविद्यालय आहे. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. पावसाळा सुरू व्हायच्या आत काकांबरोबर रानात एक फेरी मारा, काढ्याची कृती मोजमापासह लिहून काढा, आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या तीन वर्षांत हिवतापाच्या किती स्लाइड पॉझिटिव्ह आल्या आणि त्यांतल्या किती जणांनी आधी काढा घेतला होता, एवढी माहिती परवानगीने मिळवा. ती कागदं झाली की मलाही पाठवा. काढ्याला पहिली चाळणी ताटलीत लावायची की आधी घरोघरची पाहणी वाढवायची, ते त्यावरून ठरवता येईल.